शेवटपर्यंत येणाऱ्याला घुसखोर ठरवू नका

महामार्गावर दुरुस्तीसाठी एक लेन बंद असली की पुढे जे घडते ते जगात कुठेही जवळपास सारखेच असते. बरेच आधी फलक दिसतो: पुढे लेन बंद. बहुतेक चालक तो वाचताच इंडिकेटर देतात आणि सुरू राहणाऱ्या लेनमध्ये जाऊन मुकाट्याने रांगेला लागतात. बघता बघता ती लेन ठप्प होते आणि शेजारची जवळजवळ रिकामी पडते. मग मागून एखादी गाडी त्या रिकाम्या लेनने सरळ पुढे निघते, शंकू लावलेत तिथपर्यंत पोहोचते आणि तिथे आत शिरायला जागा मागते. रांगेतल्यांचा पारा चढतो. आम्ही इतका वेळ उगाच ताटकळलो का? ज्याच्यापुढे ती गाडी येणार असते तो आपली गाडी पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटवतो. हॉर्न सुरू होतात. मागे कोणीतरी दोन लेनच्या मधोमध गाडी चालवायला लागतो, म्हणजे आता आणखी कोणी पुढे जायला नको.

माझे म्हणणे असे की ज्याला आपण इथे घुसखोर म्हणतो त्याने बहुतेक वेळा काहीही गैर केलेले नसते. रांगेत थांबलेल्यांचेही काही चुकलेले नसते. चूक त्या फलकाची आहे, म्हणजेच तो लावणाऱ्या यंत्रणेची. लेन बंद आहे एवढे सांगून फलक गप्प बसतो. शेजारच्या लेनमध्ये नेमके कुठे शिरायचे आणि कोणामागून शिरायचे, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. मग प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे त्याचा अर्थ लावतो. भिडस्त माणूस दोन किलोमीटर आधी वळतो, घाईतला शेवटच्या दहा मीटरवर. दोघांनाही आपलेच बरोबर वाटते आणि दोघांकडेही त्यासाठी कारण असते. कुठे शिरायचे आणि कोणामागून, या दोन गोष्टी रस्त्यावर स्पष्ट लिहिल्या गेल्या पाहिजेत आणि त्यांच्यामागे कायदा उभा राहिला पाहिजे. त्याशिवाय चालकांना समजूतदारपणाचे कितीही डोस पाजले तरी कोंडीतले भांडण मिटणार नाही.

उपाय नवा नाही. बॅगेची चेन लावताना दोन्ही बाजूंचे दात एकाआड एक अडकत जातात, तशा गाड्या मिसळाव्यात, म्हणून अनेक देशांत या पद्धतीला चेनचेच नाव पडले आहे. वाहतूक तुंबलेली असेल तेव्हा दोन्ही लेन अगदी शेवटपर्यंत वापरायच्या. दोन्हींचा वेग साधारण सारखा ठेवायचा. शंकूंची तिरकी ओळ जिथे सुरू होते तिथे आल्यावर इकडची एक, तिकडची एक, पुन्हा इकडची एक, अशा आळीपाळीने गाड्या पुढे काढायच्या. यात जागा ठरलेली आहे आणि पाळीही ठरलेली आहे. दोन्हींपैकी एक गोष्ट जरी सुटली तरी सगळे मुसळ केरात. जागा ठरली पण पाळी नाही, तर तोंडाशी रेटारेटी होते. पाळी मान्य आहे पण जागा ठरलेली नाही, तर कोणी दोन किलोमीटर आधी मिसळतो, कोणी पाचशे मीटर आधी, आणि ज्याने एकाला वाट दिली त्याच्यासमोर शंभर मीटरवर दुसरा उभा असतो. सौजन्य दाखवणारा माणूसच त्यात भरडला जातो.

आता थोडा हिशेब करू, कारण या वादात रागाला जोर फार आणि आकड्यांना कमी असतो. वेगवान महामार्गाच्या एका मोकळ्या लेनमधून तासाला दोन हजारांहून जास्त गाड्या जाऊ शकतात. दुरुस्तीच्या ठिकाणी, शंकूंच्या कडेने, अरुंद वाटेने जाताना तो आकडा खाली येतो. समजा तिथून तासाला १,५०० गाड्या निघतात. म्हणजे दर २.४ सेकंदांना एक. समजा, त्या तोंडापाशी ३०० गाड्या खोळंबल्या आहेत. शेवटच्या गाडीला १२ मिनिटे लागणार. या गाड्या एका रांगेत उभ्या असोत की दोन, एकूण काम तेवढेच आहे, तोंड तेवढेच आहे. बदलते ते दोनच बाबतींत: रांग किती लांब जाते आणि ती १२ मिनिटे कोणाच्या वाट्याला येतात.

दुसऱ्या बाबतीतला फरक प्रत्येकाला जागेवर जाणवतो. एकाच लेनमध्ये सगळे उभे राहिले आणि मोजके लोक रिकाम्या लेनने पुढे गेले, तर त्या मोजक्यांचा वेळ वाचतो तो रांगेतल्यांच्या खिशातून जातो. दोन्ही लेन सारख्या भरलेल्या असतील तर रिकामी लेनच उरत नाही. पुढे पळायला वाटच नसल्यामुळे पळणारा कोणी राहत नाही. ज्यांना घुसखोरांचा मनापासून राग येतो त्यांनी खरे तर दोन्ही लेन भरून चालण्याचा सर्वात जोरात आग्रह धरायला हवा. अर्धा रस्ता मोकळा सोडायचा आणि त्यावर कोणी चालले की चिडायचे, हा त्रास आपणच आपल्यावर ओढवून घेतो.

एका गाडीला पुढे घेतल्याने आपले किती नुकसान होते? वरच्या हिशेबाने २.४ सेकंद. त्या अडीच सेकंदांसाठी चालक गाडी पुढच्या बंपरला लावतात, शेजारच्याकडे बघायचे टाळतात, प्रसंगी गाड्या घासण्यापर्यंत आणि मारामारीपर्यंत जातात. तिथे गाडी घासली आणि दोघे खाली उतरून भांडायला लागले की उरलेली लेनही बंद होते. मग मागच्या तीनशे गाड्यांचा हिशेब मिनिटांत राहत नाही.

या पद्धतीचे समर्थक कधी कधी अति दावे करतात. दोन्ही लेन वापरल्या की कोंडी सुटेल, गाड्या दुप्पट वेगाने निघतील, असे काही होत नाही. जिथे एकच लेन आहे तिथून एकाच लेनएवढ्या गाड्या निघणार. सुरळीत मिसळण्याने तोंडापाशी निघणाऱ्या गाड्यांचा आकडा वाढलाच तर थोडा वाढतो. त्याचे कारण कचकचीत ब्रेक कमी लागतात हे आहे. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या होत्या. चालकांना सारख्या वेगाने फिरायला सांगितले होते. पुढे ना शंकू, ना सिग्नल, ना बंद लेन. तरी थोड्याच वेळात कोणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याने थोडा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि गाड्या जागीच थांबायला लागल्या. ही थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत राहिली. ज्या रस्त्यावर दोन किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही, कधीही, कोणीही अंग चोरून मधे शिरतो, तिथे अशा किती लाटा एकामागोमाग उठत असतील याची कल्पना करता येईल. शिरण्याची जागा एकच असली तर धक्का एकाच ठिकाणी, तोही अंदाज असलेला, आणि वेग आधीच उतरलेला. फायदा एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

पण या सगळ्यापेक्षा मला रांगेच्या लांबीची काळजी जास्त वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते. आपण सगळे रांगेच्या डोक्याकडे बघतो, कारण भांडण तिथे होते. माणसे मरतात ती रांगेच्या शेपटीशी.

वरच्या ३०० गाड्या घ्या. गाडी आणि पुढचे-मागचे अंतर धरून प्रत्येकीला दहा मीटर लागतात असे समजू. एका लेनमध्ये ही रांग तीन किलोमीटर जाते, दोन लेनमध्ये दीड. आता सूचना देणारे फलक कुठे असतात ते पाहा. अमेरिकी नियमावलीत वेगवान महामार्गासाठी एकामागोमाग तीन फलक सुचवलेले आहेत आणि त्यांतला सर्वात लांबचा, शंकूंची ओळ सुरू होण्याच्या साधारण १,५५० मीटर आधी येतो. दीड किलोमीटरची रांग त्या फलकाच्या आत मावते, म्हणजे ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्या चालकाला आधी फलक दिसतो आणि मग थांबलेल्या गाड्या. तीन किलोमीटरची रांग मात्र फलकाच्याही मागे दीड किलोमीटर पसरते. तिथे येणाऱ्याला काहीच सूचना मिळालेली नसते. रस्ता नेहमीसारखा आहे, वळण आहे किंवा चढ आहे, आणि त्यापलीकडे एका लेनमध्ये गाड्या स्तब्ध उभ्या. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. काय चालले आहे ते लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच चाळीसेक मीटर संपलेले असतात आणि गाडी थांबायला अजून तेवढेच किंवा त्याहून जास्त अंतर लागते. मागून येणारा भरलेला ट्रक असेल तर विचारायलाच नको.

त्यात एकच लेन थांबलेली आणि शेजारची धावती, ही अवस्था आणखी वाईट. उभ्या रांगेतून कोणी वैतागून एकदम बाहेर पडतो आणि मागून वेगात येणाऱ्याच्या पुढ्यात जातो. दोन्ही लेन सारख्याच संथ असतील तर असा वेगाचा फरक राहत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचे परिवहन खाते बऱ्याच वर्षांपासून चालकांना शेवटपर्यंत दोन्ही लेन वापरायला सांगत आले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार त्यामुळे रांगेची लांबी ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. कागदावरच्या हिशेबात निम्मी, प्रत्यक्षात चाळीस टक्के. रांग अर्ध्यापेक्षा थोडीच जास्त उरते, तेव्हा मागचे एखादे बाहेर पडायचे वळण मोकळे राहते. ज्यांना त्या दुरुस्तीच्या जागेशी काही देणेघेणेच नाही, जे आधीच्या फाट्यावर उतरून घरी जाणार आहेत, ते विनाकारण अडकत नाहीत. रुग्णवाहिका अशाच एखाद्या फाट्यावरून येणार असेल तर तिचीही वाट मोकळी राहते. निघणाऱ्या गाड्यांचा आकडा वाढला नाही तरी एकूण लोकांचा वेळ खरोखर वाचतो तो इथे.

मग इतके साधे असूनही लोकांच्या मनात ते उतरत का नाही? कारण रांगेत उभे राहणे ही आपल्याला लहानपणापासून नीतीची गोष्ट म्हणून शिकवलेली असते. मागून आला त्याने मागे राहावे, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले आहे आणि ते चांगलेच आहे. समाजमानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली रांगेत मुद्दाम माणसे घुसवून लोक काय करतात ते तपासले होते. हरकत घेणारे बहुतेक जण घुसलेल्याच्या मागे उभे असलेले होते, म्हणजे ज्यांची पाळी मागे ढकलली गेली ते. रांगांचा अभ्यास करणारे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या लेखाचा रोखही हाच आहे की रांगेतला त्रास नुसत्या मिनिटांनी मोजता येत नाही. मागून आलेला आपल्याआधी सुटला की थोडी वाटही असह्य होते. रस्त्यावरचा राग हाच आहे. तो क्षुद्र नाही. न्यायाची चाड असल्याशिवाय असा राग येत नाही, म्हणून त्याची चेष्टा करून तो जाणार नाही.

फक्त इथे रांग कोणती हेच ठरलेले नाही. तिकीट खिडकीपुढे एक रांग असते आणि ती सगळ्यांना दिसते. महामार्गावर शंकूंपर्यंत दोन लेन आहेत, दोन्ही चालू आहेत, दोन्ही कायदेशीर आहेत. त्यांतल्या एकीला सर्वांनी मिळून खरी रांग ठरवून टाकले आणि दुसरीला चोरवाट, हा ठराव कुठेही लिहिलेला नाही. ज्याने तो ऐकलेला नाही त्याला तो मोडल्याचा दोष कसा द्यायचा? जो आणीबाणीसाठी ठेवलेल्या कडेच्या पट्ट्यावरून सुसाट पुढे जातो, किंवा सुरू असलेल्या लेनमधून बाहेर पडून रिकाम्या लेनने दहा गाड्या ओलांडून पुन्हा आत येतो, तो नियम मोडतो आहे. त्याला दंड झालाच पाहिजे. पण आपल्या लेनमध्ये सरळ चालत राहून ती संपते तिथे पाळीने आत येणाऱ्याला त्याच्याच पंक्तीला बसवणे मला अन्यायाचे वाटते.

दोन लेनच्या मधोमध गाडी घालून वाट अडवणाऱ्यांबद्दलही बोलायला हवे, कारण पुष्कळांना त्यांचे कौतुक वाटते. अनेकदा हे ट्रकचालक असतात आणि त्यांची अडचण खरी आहे: भरलेला ट्रक थांबवला की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो, त्याच्या पुढे जरा जागा सुटली की चार छोट्या गाड्या तिथे शिरतात, आणि लांब ट्रकच्या बाजूला काय चालले आहे ते आरशात पूर्ण दिसत नाही. दोन ट्रक शेजारी शेजारी सारख्या वेगाने चालले तर मागचा राग थोडा शमतो हेही खरे. पण या अडवणुकीने ट्रकच्या पुढची शंभर-दोनशे मीटर लेन वाया जाते आणि मागची रांग तेवढीच लांबते. त्याहून वाईट म्हणजे वाहतुकीचा न्याय कोणीही हातात घ्यावा असा पायंडा पडतो. ज्या गाडीला आज अडवले तिच्यात कोण आहे, कशासाठी निघाला आहे, याची त्या अडवणाऱ्याला कल्पना नसते.

मिनेसोटाच्याच अनुभवातून एक गोष्ट लक्षात येते. तिथल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत महामार्गावर चढणाऱ्या रस्त्यांवर सिग्नल आहेत, हिरवा दिवा लागला की मोजकीच गाडी सोडणारे. लोकांना हा छळ वाटत होता. तेव्हा विधिमंडळाच्या आदेशाने २००० साली सुमारे ४३० सिग्नल काही आठवडे बंद ठेवून पाहिले. महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. चढणाऱ्या रस्त्याचा आणि बंद लेनचा प्रश्न अगदी एक नाही, हे मान्य. पण मिसळणे दोन्हीकडे आहे. गाड्या झुंडीने मिसळल्या की नुकसान होते आणि एकेक करून मिसळल्या की होत नाही. शिवाय तेच चालक, तेच रस्ते होते. पाळी सांगणारा दिवा होता तेव्हा ते पाळीने वागले. म्हणून ‘आपले लोक सुधारणार नाहीत’ हे वाक्य ऐकले की मला राग येतो. कोणत्याही देशातल्या माणसाला तुम्ही त्याच्या देशातल्या चालकांबद्दल विचारा, तो हेच सांगेल.

कायद्याच्या बाबतीत जर्मनीने स्पष्ट शब्द वापरले आहेत. लेन संपते किंवा बंद असते तेव्हा, ती जिथे अरुंद होऊ लागते त्याच्या अगदी आधी, सुरू असलेल्या लेनमधल्या प्रत्येक गाडीमागून एक गाडी आत येऊ शकेल अशी वाट द्यायची, असा तिथला नियम आहे. जागा आहे, पाळी आहे, आणि कर्तव्य कोणाचे तेही आहे: वाट देणाऱ्याचे. आत येणाऱ्याला डोळे मिटून घुसण्याचा परवाना त्यातून मिळत नाही, बघून येण्याची जबाबदारी त्याच्यावर राहतेच. बेल्जियमने २०१४ साली हे बंधनकारक केले. न्यूझीलंडमध्ये तर रस्त्याकडेच्या फलकावरच चेनसारखे मिसळा असे लिहिलेले असते. ऑस्ट्रेलियात नियम रस्त्यावरच्या रेघेवर ठरतो. दोन लेनमधली तुटक रेघ अखेरपर्यंत असेल तर लेन बदलणाऱ्याने दुसऱ्याला वाट द्यायची, आणि रेघ आधीच संपत असेल तर ज्याची गाडी पुढे आहे त्याला वाट द्यायची. रेघ कुठे संपवायची हे रंगाचा डबा हातात असलेल्या खात्याच्या अखत्यारीत आहे. तिथे चालकाच्या संस्कारांवर काही सोडलेले नाही.

उलट बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा वेगाचा आहे आणि तो मला मान्य आहे. रस्ता मोकळा असेल, गाड्या ऐंशी-शंभरने जात असतील आणि लेन बदलायला भरपूर जागा असेल, तर शंकूंपर्यंत जाऊन शिरण्यात शहाणपणा नाही. तिथे आधीच, शांतपणे लेन बदलणे योग्य. ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतही हाच भेद केला आहे: गाड्या अगदी संथ चालत असतील तेव्हा, सुरक्षित असेल तर, पाळीने मिसळावे, जास्त वेगात तसे करू नये. म्हणजे एकच रस्ता सकाळी सहाला एक वागणूक मागतो आणि नऊला दुसरी. कायमचा रंगवलेला पत्र्याचा फलक हे कसे सांगणार? त्यासाठी दुरुस्तीच्या जागेआधी गाड्यांचा वेग मोजणारे सेन्सर आणि त्यावरून मजकूर बदलणारे विजेचे फलक वापरता येतात. वाहतूक मोकळी असताना ते फक्त पुढे लेन बंद एवढे सांगतात, आणि रांग लागू लागली की दोन्ही लेन वापरा असे सांगू लागतात. मिनेसोटात अशी यंत्रणा वीसेक वर्षांपूर्वीच वापरून पाहिली गेली आहे. ती महाग वाटली तर जिथे रोज ठरलेल्या वेळी कोंडी होते तिथे निदान त्या वेळेपुरता माणूस उभा करून फलक फिरवता येईल.

काम हातात घेणाऱ्या खात्यांकडे आणि त्यांच्या कंत्राटदारांकडे माझे मागणे फार नाही. रांग लागण्याची शक्यता असेल तिथे पहिल्या फलकाच्याही आधी लिहा: कोंडी असल्यास दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरा. शंकू सुरू होतात तिथे लिहा: इथे एकाआड एक मिसळा. दुसरा फलक दोन्ही बाजूंना हवा, म्हणजे सुरू असलेल्या लेनमधल्या चालकालाही दिसेल की समोरच्याला वाट देण्याची सूचना त्याच्यासाठीही आहे. बहुतेक ठिकाणी सगळे फलक बंद होणाऱ्या लेनकडे तोंड करून आज्ञा सोडतात, बाजूला व्हा, बाजूला व्हा. ज्याच्या हातात वाट देणे आहे त्याला कोणी काही सांगतच नाही. रांगेची शेपटी कुठवर जाईल याचा अंदाज कामाच्या आराखड्यातच लिहिलेला असावा, आणि ती फलकाच्या मागे गेली तर फलक मागे नेण्याची जबाबदारी कंत्राटात नोंदलेली असावी. वाहन परवान्याच्या परीक्षेत या प्रसंगावर एक प्रश्न हवाच. आज कित्येक जणांना लवकर बाजूला होणे हाच नियम आहे असे प्रामाणिकपणे वाटते, कारण कोणी वेगळे शिकवलेलेच नाही.

फलक येईपर्यंत चालकाला आपल्यापुरते करता येण्यासारखे थोडे आहे. कोंडी असेल तर लेन बदलायची घाई करू नये. शेजारच्या लेनइतक्याच वेगाने चालावे, रिकामी लेन दिसली म्हणून भरधाव निघू नये, कारण रांगेतल्यांचा राग भडकतो तो त्या भरधाव जाण्याने. इंडिकेटर शंकूंच्या बऱ्याच आधी लावावा, लेन मात्र तिथेच बदलावी. आणि सुरू असलेल्या लेनमध्ये असाल तर तोंडापाशी पुढे एका गाडीची जागा सोडावी. एकाच गाडीची. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्यावा. तिच्या पाठोपाठ दुसरी शिरू पाहत असेल तर आता आपली पाळी आहे, सावकाश पुढे व्हावे. तिला तुमच्या मागची गाडी घेईल.